हलकं म्हणायचं नाही

आमच्या घरात शिव्या चालतात. फार नाहीत, पण सासूबाई चिडल्या की दोन-तीन ठेवणीतल्या काढतात आणि कुणी कान झाकत नाही. चालत नाही तो एकच शब्द, हलकं. लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा टेबल सरकवताना मी सहज म्हटलं, हलकं आहे की हे, तर सासरे पेपर खाली ठेवून माझ्याकडे असे बघत राहिले की मी टेबलाचीच माफी मागितली.

सासरे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकान रस्त्याला लागूनच, एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा. शटर अर्धंच वर असतं, आत वाकून जावं लागतं. पूर्ण वर केलं तर धूळ येते आणि धुळीलाही वजन असतं, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरचे सगळे त्यांना काटेकाका म्हणतात. मी बाबा म्हणते, आणि मनातल्या मनात अजून बरंच काही.

त्यांच्या धंद्यात हलकं म्हणजे खोटं. दुकानदार लोखंडी वजन खालून घासतो, किंवा भोक पाडून आत बुचासारखं काहीतरी ठोकतो. ते तपासलं की म्हणायचं, वजन हलकं निघालं. म्हणजे कुणीतरी काटा मारला, गिऱ्हाईकाला फसवलं. आयुष्यभर हे हातात धरून बघितल्यामुळे बाबांना हलकं ऐकलं की चोर दिसतो. टेबल असो, कापड असो, विनोद असो. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं.

त्यांच्याबरोबर बाजारात जायला कुणी तयार नसतं. सासूबाई तर रस्त्याच्या पलीकडून चालतात, ओळख न दाखवता. बाबांच्या खिशात स्वतःचं एक पितळी वजन असतं. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी ठेवून बघणार. त्याहून आधी, काटा रिकामा असताना शून्यावर येतो का ते बघणार. तेल घ्यायचं असेल तर रिकामी बाटली एका पारड्यात ठेवायला लावणार आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकून दोन्ही बाजू सारख्या करायला लावणार, मग तेल ओत म्हणणार. याला धडा करणं म्हणतात. भांड्याचं वजन बाजूला काढायचं, म्हणजे मालाचं तेवढं उरतं. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना त्यासाठी एक बटण असतं. बाबा त्या बटणालाही धडाच म्हणतात. तेलवाला त्यांना बघितलं की आपणहून बाटली ठेवतो आणि उसासा टाकतो.

तर असा माणूस. सरळ म्हणावं तर सरळ, आणि डोक्याला ताप म्हणावं तर तोही आहेच.

धंदा मात्र बसत चालला होता. नवे काटे स्वस्त येतात, बिघडले की लोक फेकून देतात. दुरुस्तीला येतात ते भंगारवाल्याचे मोठे काटे आणि कधीमधी औषधवाल्याचा छोटा. एक गोष्ट तेवढी टिकून होती, ती म्हणजे बाळांचे काटे. कमी वजनाचं मूल जन्मलं की दवाखाना काही दिवसांनी घरी सोडतो आणि सांगतो, रोज वजन करा. रोज वजन करायला काटा कुठून आणणार? बाबांनी जुने काटे गोळा करून, नीट करून, वर उथळ ट्रे बसवून असे काटे तयार ठेवलेत. ते घरी नेऊन लावून देतात, कसं करायचं ते दाखवतात, बाळ भरलं की परत आणतात. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर लोकांना त्यांच्याकडे पाठवायच्या. एवढ्या एका कामाला निघताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालतात. सासूबाईंच्या भाचीच्या लग्नाला नव्हता घातला.

एक दिवस या मोठ्या सिस्टर स्वतः दुकानात आल्या, वाकून. म्हणाल्या, काका, असं चालत नाही. लोक फोन करतात, तुम्ही उचलत नाही. (हे खरं आहे. हातात स्प्रिंग असली की बाबा फोनकडे ढुंकूनही बघत नाहीत.) लोक इथवर येतात आणि काटा शिल्लक नसतो. ओल्या बाळंतिणीचा नवरा दोन बस बदलून येतो आणि हात हलवत परत जातो. आता एक कंपनी आलीय, त्यांच्या वेबसाइटवर दिसतं मशीन मोकळं आहे की नाही, तिथंच राखून ठेवता येतं. दवाखान्यातून घरी सोडताना आई-बापांच्या हातात एक कागद देतात, त्यावर काट्यासाठी एकच नाव असतं. तो कागद नव्याने छापायचाय. तुमचं वेबसाइटचं पान तयार असेल तर तुमचं नाव, नसेल तर त्यांचं.

"मला तुम्हीच हवे आहात," सिस्टर म्हणाल्या. "कंपनीवाले खोकं दारात ठेवून जातात. पण नुसत्या ओळखीवर मी नाव घालू शकत नाही."

बाबांनी मान डोलावली. सिस्टर गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, भर दुपारी, आणि घरी येऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मी वेबसाइट बनवते. लहान दुकानं, शिकवण्या, एक कुत्र्यांचा डॉक्टर. या कामाला बाबा आजवर "ते तुझं टाइपिंग" म्हणत आले होते. आज म्हणाले, तुझ्याकडे काम आहे.

मला आनंद झाला, हे कबूल करते. पुढच्याच वाक्याला घोडं पेंड खायला लागलं.

मी म्हटलं, बाबा, आपण एक हलकी थीम घेऊ.

झालं. ते म्हणाले, हलकी कशाला? चांगली मिळत नाही?

मी समजावून सांगितलं. थीम म्हणजे वेबसाइटचं रूप, पाटी कुठे, अक्षरं केवढी, बटण कसं. त्यात एकेक सोय जोडायची असते, तिला प्लगइन म्हणतात. आपल्याला तीनच लागणार. एक काटा मोकळा आहे का ते दाखवून राखून ठेवणारं, एक लोकांना मेसेज पाठवणारं, एक नकाशा दाखवणारं. थीम हलकी असली की ही तिन्ही आपापलं काम गुपचूप करतात. थीम जड असली की ती स्वतःचंच लटांबर घेऊन येते, आणि मग तिच्या सोयी आणि आपल्या सोयी एकमेकींच्या पायात पाय घालतात. शिवाय ज्यांना हे पान उघडायचंय त्यांच्याकडे फोन जुने असतात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जन्मात कधी दुकानात हलकं काही ठेवलं नाही. आता पाटीच हलकी लावू?"

एवढ्यात माझा नवरा आतून आला. तो नको तेव्हाच येतो. तो म्हणाला, बाबा, ही बघा, ही घ्या, एकदम भारी थीम आहे. आता नवऱ्याने भारी म्हटलं ते पोरं म्हणतात तसं, झकास या अर्थाने. बाबांनी ऐकलं ते वजनाला भारी. जन्मात पहिल्यांदा बापलेकाचं एका शब्दावर एकमत झालं, आणि दोघांचे अर्थ वेगळे होते. मी मधे पडून सांगायला हवं होतं, पण मी इतकी वैतागले होते की म्हटलं, घ्या. घ्या भारी. मग माझ्याकडे यायचं नाही.

ती थीम एका हॉटेलासाठी बनवलेली होती. उघडली की आधी एक मोठं चित्र डावीकडून उजवीकडे सरकायचं, मग दुसरं, मग अक्षरं एकेक करून खाली पडायची. बाबांनी त्या जागी आपल्या दुकानातल्या जुन्या तराजूचे फोटो घालायला लावले. तराजू सरकत आला की ते खुर्चीत जरा सरळ बसायचे. चावीवाल्याला बोलावून दाखवलं. चावीवाला म्हणाला, वजनदार वाटतंय. बाबा दिवसभर खूश.

मी मात्र मागे मरत होते. थीमने येतानाच सांगितलं की माझ्याबरोबर अमुक हवं, तमुक हवं, चित्र सरकवणारं वेगळं, खिडकी उघडणारं वेगळं. सगळं घेतलं. मग मी काटा राखून ठेवायचं आमचं प्लगइन बसवलं आणि तारखेवर बोट लावून बघितलं. पानाने विचारलं, किती माणसं आहेत? मी परत बोट लावलं. पानाने विचारलं, टेबल खिडकीजवळचं हवं का?

हॉटेलच्या थीममध्ये टेबल राखून ठेवायची स्वतःची सोय होती. आमच्या प्लगइनने हाक मारली की तीच आधी धावत यायची. मी तिला बंद केलं, तर मेसेज जायचे थांबले. मेसेज सुरू केले, तर एकाला दोनदा जायला लागले. ते नीट केलं, तर फोनवर राखून ठेवायचं बटण सरकत्या तराजूच्या खाली गेलं आणि तिथंच अडकलं. एक दुखणं बरं करावं तर दुसरं उठायचं. मी बाबांना जाऊन सांगितलं की हे असं होतंय, अजून वेळ आहे, थीम बदलू. ते म्हणाले, नवीन काटासुद्धा आधी थोडा अडतो, मग बसतो. बसू दे.

आणि ते बसलं, एवढं मात्र म्हणेन. माझ्या कॉम्प्युटरवर बटण दिसायला लागलं, तारीख घ्यायला लागली. मी सिस्टरना पत्ता पाठवला. फार आशा नव्हती, पण माझ्या मशीनवर चालत होतं, आणि माणूस दमला की तेवढ्यावर समाधान मानतो.

सिस्टर हुशार बाई. त्यांनी स्वतःच्या फोनवर बघितलंच नाही. वॉर्डबाहेरच्या बाकावर एका बाळाचा बाप बसला होता, दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. त्याला म्हणाल्या, तुझ्या फोनवर हे उघड. आणि दुसऱ्या हाताने बाबांना फोन लावला. त्या दिवशी बाबांनी फोन उचलला. मी दुकानातच होते.

सिस्टर म्हणाल्या, पान पांढरं आहे काका, काहीच येत नाही.

बाबा म्हणाले, थांबा, येईल.

थांबल्या. पलीकडे वॉर्डातलं कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं, स्टीलचं काहीतरी पडलं. बाबा म्हणाले, भारी आहे ना, वेळ लागतो. सिस्टरनी आणखी थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, काका, तो बिचारा आत गेला, बायकोने हाक मारली. तुम्ही असं करा, उद्या सकाळी मी परत बघते. त्यानंतर कागद छापायला जाईल. मग माझ्या हातात काही नाही.

बाबांनी फोन ठेवला, नेमका जिथून उचलला होता तिथंच. मग एक काटा पुढे ओढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. मला वाटलं आता माझ्यावर घसरतील, मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ते काही बोललेच नाहीत. त्यानेच मला जास्त राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

मी घरी आले आणि सासूबाईंपुढे सगळी मळमळ ओकले. म्हटलं, एका शब्दापायी हातातलं काम जाणार, हा कसला हट्ट? सासूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी माझ्या नवऱ्याचा शर्ट उचलला, पसरला. तो तंबूसारखा पसरतो, माझा नवरा दारातून आत येतो तेव्हा दार आधी बाजूला होतं. त्या शर्टाकडे बघत म्हणाल्या, "हा जन्मला तेव्हा माझ्या तळहातात मावायचा. दवाखान्यातली बाई ह्यांना म्हणाली, पोर हलकं आहे, फार जीव लावू नका."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नसावं, त्याला सांगितलं असतं तर त्याने जेवताना निमित्त केलं असतं.

सासूबाई सांगत होत्या. बाबा तिथून तडक दुकानात गेले. दुकानातला सगळ्यात चांगला तराजू घरी आणला, एका पारड्याच्या जागी पत्र्याचा ट्रे बसवला. दुपट्याचा धडा केला, म्हणजे दुपटं धरलं जाऊ नये, आणि रोज सकाळी पोराला तोलायचे. पहिले काही दिवस वजन उतरत गेलं. तसं उतरतंच म्हणे, पण यांना कोण सांगणार. त्या म्हणाल्या, मी अंथरुणातून विचारायचे, किती? हे सांगायचे, कालच्यापेक्षा जास्त आहे.

"खोटं सांगायचे," सासूबाई म्हणाल्या. "मला हाताला कळायचं ना. जन्मात तेवढाच काटा मारला त्यांनी."

त्यांनी शर्टाची घडी पुरी केली आणि दुसरा उचलला. मी लॅपटॉप उचलला आणि परत दुकानात गेले.

बाबा तसेच बसले होते. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, बाबा, तुम्ही काटा तपासायला घेतला की पहिल्यांदा काय करता? त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. म्हणाले, सगळं उतरवतो, रिकामा शून्यावर येतो का ते बघतो. मी म्हटलं, चला, तेच करू. चावीवाल्याचा फोन मागून आणला. काच तडकलेली, मागे रबर गुंडाळलेलं, त्या बाकावरच्या बापाचा असेल तसलाच. मी लॅपटॉपवर एकेक प्लगइन बंद करत गेले. नकाशा काढला. मेसेज काढले. राखून ठेवायचं काढलं. थीमने आणलेलं लटांबर काढलं. दरवेळी चावीवाल्याच्या फोनवर पान उघडून बघायचं. बाबा फोनवर नजर रोखून, श्वास धरून, काट्यावरचा आकडा स्थिर व्हायची वाट बघतात तसे बघत होते. पांढरं. पांढरं. मग फार उशिराने तराजू सरकायला लागायचा, अर्ध्यात थांबायचा.

सगळं काढलंस का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं. आता नुसती थीम आहे.

"तरी शून्यावर येत नाही," ते म्हणाले.

नाही येत, मी म्हटलं.

"मग हे वजन कशाचं आहे? माल तर सगळा उतरवला."

आता खरं सांगते, मी काही फार विचार करून बोलले नाही. वैतागाने बोलले. म्हटलं, अहो, थीम म्हणजे माल नाही. माल म्हणजे तुमचे काटे, कुठला मोकळा, कुठल्या तारखेला, पत्ता काय. थीम नुसतं भांडं आहे.

समोर एक रिकामं पितळी माप होतं, ते उचलून बाबांनी हातात तोललं, परत ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगतेय मी?

"तू हलकी म्हणालीस," बाबा म्हणाले. "भांडं म्हणाली नाहीस. भांडं कमीत कमी वजनाचं घ्यायचं असतं, हे तेलवाल्यालासुद्धा कळतं."

मी दात खाल्ले आणि कामाला लागले.

त्या दुपारी आम्ही सासरा-सून पहिल्यांदा एका टेबलावर बसून काम केलं. एकेक साधी थीम लावायची, रिकामी असताना चावीवाल्याच्या फोनवर लगेच उघडते का बघायचं. नाही उघडली, तर पुढची. एक चटकन उघडली, पण खाली स्वतःची जाहिरात घेऊन आली होती. बाबा म्हणाले, खालून काहीतरी चिकटवलंय हिला, नको. आणखी एक घेतली. तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. पांढरं पान, काळी अक्षरं, एक बटण. उघडायला लावली तर आमचं बोट उचलायच्या आत उघडली. मग आमच्या तीन सोयी, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येकीनंतर पुन्हा तपासायचं, हा बाबांचा नियम. मला तो घाईत नको होता, पण मी पाळला. कुणी कुणाच्या पायात पाय घातला नाही. तारखेवर बोट लावलं तर तारीख आली. टेबल कुठलं हवं, असं कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी नवरा दुकानात आला, वाकताना नेहमीप्रमाणे शटरला डोकं आपटून. पान बघून म्हणाला, हे काय, यात भारी काहीच नाही. बाबा म्हणाले, तू गप्प बस. मग त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. त्याला वाटलं शर्टावर काही सांडलंय.

सकाळी सिस्टरनी त्याच बापाला बोलावलं आणि त्याच फोनवर पान उघडायला लावलं. उघडलं. त्याने विचारलं, दाबू का? सिस्टर म्हणाल्या, दाब. त्याने काटा राखून ठेवला, त्याला मेसेज गेला, एकच गेला. सिस्टरनी फोन करून एवढंच सांगितलं की कागद छापायला दिलाय, तुमचं नाव आहे, आणि हा माणूस दुपारी बायको-बाळाला घेऊन घरी पोचतोय, तर काटा घेऊन जा. बाबांनी बरं म्हटलं आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली. स्वतः करत होते. कॉलर बिघडली, तेव्हा पाणी मारून पुन्हा इस्त्री फिरवली.

मी सोबत गेले, काटा धरायला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अरुंद, आत दोरीवर छोटे छोटे कपडे वाळत घातलेले. आई कॉटच्या कडेला बसली होती, अगदी पोरगी, डोळे रडून सुजलेले. बाप आमच्याकडे बघून उगाचच हसला आणि खुर्ची शोधायला लागला. बाबांनी काटा टेबलावर ठेवला, पायाखाली कागदाच्या घड्या घालून समतल केला, रिकामा शून्यावर आला का पाहिलं. आला.

ती मुलगी दुपट्यातल्या बाळाकडे बघत म्हणाली, "काका, फार हलकं आहे हो. हातात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

बाबांनी काट्यावरची नजर उचलली.

"वजन कमी आहे," ते म्हणाले. "हलकं नाही."

मग त्यांनी तिच्याकडून दुपटं मागून घेतलं, घडी घालून ट्रेमध्ये ठेवलं आणि धड्याचं बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. तिला जवळ बोलावून म्हणाले, हे दुपट्याचं गेलं, आता जे दिसेल ते सगळं बाळाचं. तिने बाळाला हळूच ट्रेमध्ये ठेवलं. आकडा वरखाली होत राहिला, बाळ पाय झाडत होतं. मग आकडा थांबला. बाप म्हणाला, किती आलं काका? बाबांनी आकड्याकडे बघितलंच नाही. काटा त्या मुलीच्या बाजूला वळवला आणि म्हणाले, तुम्ही वाचा. रोज तुम्हीच वाचायचं. तिने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, दवाखान्यात काल होतं त्यापेक्षा जरासं जास्त होतं, आणि तिने वर पाहून आधी बाबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे मग. मी दोरीवरच्या कपड्यांकडे बघत बसले.

आम्ही परत निघालो. कोपऱ्यावर तेलवाला दिसला, त्याने सवयीने बाटली उचलली, बाबांनी हातानेच नको म्हटलं. मग मला म्हणाले, तुझी ती थीम चांगली आहे.

असला मोका परत कधी मिळणार? मी म्हटलं, हो, हलकी आहे ना.

बाबा चालत राहिले. दुकान आलं, त्यांनी अर्धं शटर वर केलं, वाकले, आणि आत जाताना म्हणाले, "कमी वजनाची."